बासन, वाकळ आणि कोरियांतील जोगाक्‌बो

(१)

जुनें दप्तर हातीं आलें म्हणजे संशोधक पहिली गोष्ट कोणती करतो? तो गांठ सोडतो. गांठ सुटली, फडकें चारी बाजूंस पसरलें आणि आंतले कागद दिसूं लागले, कीं त्या फडक्याकडे पुन्हां कोणी पाहत नाहीं. कागद उलगडले जातात, मोडी अक्षरें लावलीं जातात, शक आणि चंद्र ताडून पाहिले जातात, नकला होतात, टिपा होतात. आणि ज्या वस्त्रानें शे-दीडशे वर्षें वाळवी, दमट हवा आणि घरांतलीं पोरें ह्यांपासून त्या कागदांचें रक्षण केलें, तें वस्त्र कोपऱ्यांत पडून राहतें किंवा धूळ पुसण्याच्या कामीं येतें. प्रस्तुत लेख त्या कोपऱ्यांत पडलेल्या वस्त्राविषयीं आहे.

इतिहासाच्या त्रैमासिकांत चिंध्यांचा विचार कशाला, असें कांहीं वाचकांस वाटेल. एके काळीं आम्हांसही तसेंच वाटलें असतें. तें तसें कां वाटेनासें झालें, हें सांगणें हाच ह्या लेखाचा हेतु आहे. आणि तें सांगतांना आमच्या हातून घडलेला एक प्रमाद आम्हांस कबूल करावा लागणार आहे.

(२)

प्रथम शब्दांचा विचार करूं. आमच्या दप्तरी व्यवहारांत कागद गुंडाळण्याच्या वस्त्रास 'रुमाल', 'बासन', 'बस्ता' अशीं निरनिराळीं नांवें आहेत. 'रुमाल' हा शब्द फारसी. 'रू' म्हणजे तोंड आणि 'माल' म्हणजे पुसणारें; अर्थात् मुळांत हें तोंड पुसण्याचें वस्त्र. तेंच पुढें मोठें चौकोनी फडकें झालें, त्यांत कागद बांधूं लागले, आणि शेवटीं त्या बांधलेल्या गठ्ठ्यासच 'रुमाल' म्हणूं लागले. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील मराठी कागद मोजावयाचे तर ते रुमालांनींच मोजतात. एका मोठ्या राज्याच्या जमाखर्चाचें, निवाड्यांचें आणि लढायांच्या बातम्यांचें माप तोंड पुसण्याच्या वस्त्रानें व्हावें, हा शब्दांच्या इतिहासांतला एक विनोदच होय.

'दप्तर' शब्दाची कथा अशीच आहे. फारसीच्या मार्गानें तो आमच्याकडे आला. परंतु त्याचें मूळ 'कातडें' ह्या अर्थाच्या एका ग्रीक शब्दांत सांपडतें, कारण प्राचीन काळीं पश्चिम आशियांत कातड्यावर लिहीत असत. मराठींत दप्तर म्हणजे सरकारी कागदांचा संग्रह, आणि दप्तर म्हणजे शाळकरी मुलाचें पुस्तकें बांधण्याचें फडकेंही. आमच्या लहानपणीं खेड्यांतील मुलें पाटी-पुस्तकें चौकोनी फडक्यांत बांधून आणीत. पुढें फडक्याची पिशवी झाली, पिशवीची पाठीवरची थैली झाली. नांव मात्र तेंच राहिलें.

राहतां राहिला 'बासन'. संस्कृतांत 'वासन' ह्या शब्दाचे वस्त्र, वेष्टन आणि पेटी असे अर्थ कोशकार देतात. मराठींतील बासन त्याच कुळांतलें असावें, असें मानण्याकडे आमचा कल आहे. अर्थ तंतोतंत जुळतो आणि वकाराचा बकार होणें आपल्या भाषांस नवें नाहीं. एखादें प्रकरण 'बासनांत गुंडाळून ठेवलें' असें आपण म्हणतों, तेव्हां तें पुन्हां कोणी उघडून पाहणार नाहीं असा त्याचा अर्थ असतो. गंमत अशी कीं, आम्हां संशोधकांनीं शेंकडों प्रकरणें बासनांतून बाहेर काढलीं आणि शेवटीं बासनाचेंच प्रकरण बासनांत गुंडाळून ठेवलें!

हा दोष आद्य संशोधकांच्या माथीं मारतां येणार नाहीं. इतिहासाचार्य राजवाड्यांचा 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्याचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालीं स्थापन झालें. रियासतकार सरदेसाई ह्यांच्या देखरेखीखालीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग १९३० ते १९३४ ह्या काळांत सिद्ध झाले. त्या पिढीच्या डोळ्यांदेखत कागद जळत होते, पावसांत भिजत होते, वाण्याच्या पुड्यांस लागत होते. अशा वेळीं फडक्याकडे पाहण्यास त्यांस सवड कोठून असणार? जळत्या घरांतून मूल बाहेर काढणाऱ्यास अंगडें कोठें राहिलें असें कोणी विचारीत नाहीं. पण आमचें घर जळत नव्हतें. आम्हांस सवड होती.

(३)

सुमारें चाळीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आम्ही सोलापुरांत नुकतेच संस्कृत शिकवूं लागलों होतों आणि मोडीचा नाद नवाच लागला होता. भीमेकांठच्या एका गांवच्या वतनदार घराण्यानें आपले जुने कागद आम्हांस पाहण्यास दिले. कागद दोन बासनांत होते. एक बासन काळ्या चंद्रकळेच्या आणि पांढऱ्या धोतराच्या तुकड्यांचें; दुसऱ्याच्या चारी कोपऱ्यांस इरकली लुगड्याचे तांबडे तुकडे, मध्यें खणाचे त्रिकोण, आणि एका कोपऱ्यास लांब बंद. दोन्हीं जीर्ण व तेलकट झालेलीं, आणि किडीसाठीं घातलेल्या तंबाखूचा वास त्यांत मुरलेला. आम्हीं कागद घरीं आणले. बाजारांतून कोरा मांजरपाट आणला. सर्व कागद तिथिवार लावून एकाच नव्या बासनांत बांधले. आणि आपण मोठें शास्त्रशुद्ध काम केलें ह्या समाधानांत तीं जुनीं फडकीं शाळेंत फळा पुसावयास दिलीं. वर्षभरांत तीं झिजून गेलीं.

पुढें कागद वाचतां वाचतां असें दिसून आलें कीं, वतन दोन पात्यांत वांटलें गेलें होतें, आणि वांटणीनंतर दोन्हीं घरांत बरेंच दिवस तंटा चालला होता. बहुतेक कागदांवर नांवनिशी होती. परंतु तीसएक कागद असे निघाले, कीं त्यांवर नांव नाहीं, शक नाहीं; नुसतें 'तुमचे वडिलीं', 'आमचा वांटा', 'विहिरीचें पाणी' असें त्रोटक लिहिलेलें. हे कागद थोरल्या पातीचे कीं धाकट्या, हें कळल्यावांचून त्यांचा अर्थच लागेना. कारण 'तुमचे' कोण आणि 'आमचा' कोणाचा, हाच तर प्रश्न होता. म्हणून आम्ही पुन्हां त्या गांवीं गेलों. घरांतील वृद्ध आई ओसरीवर बसल्या होत्या. आमची अडचण ऐकून त्या म्हणाल्या, "गुरुजी, त्यात काय अवघड हाय? इरकलीच्या कोपऱ्याचं बासन धाकट्या पातीचं. वाटण्या झाल्या तवा माझ्या आजेसासूनं शिवलं त्ये. कंचा कागद कंच्या बासनात हुता, तेवढं बगा म्हंजी झालं."

आम्ही काय बघणार होतों? बासनें फळ्याच्या खडूंत मिळालीं होतीं, आणि कोणता कागद कोठून निघाला ह्याची एक ओळही आम्हीं लिहून ठेवली नव्हती. आईंनीं पुन्हां एकदां विचारलें, "अन् तीं फडकी कुठं हायती?" आम्हांस उत्तर देववेना.

त्या दिवशीं आम्हांस प्रथम कळलें, कीं तीं दोन फडकीं ही त्या दप्तराची अनुक्रमणिका होती. घरांतल्या एका निरक्षर बाईनें ती सुईनें लिहिली होती, आणि घरांतल्या सर्वांस ती वाचतां येत होती. वाचतां येत नव्हती ती फक्त आम्हां साक्षरांस. ते तीसएक कागद आजही तसेच पडून आहेत. त्यांचा निकाल आतां कधींही लागणार नाहीं.

(४)

निवृत्तीनंतर आमच्या पुतणीनें कोरिया देशांतील जुन्या वस्त्रांचीं कांहीं चित्रें आम्हांस दाखविलीं, तेव्हां ही जुनी टोंचणी पुन्हां जागी झाली. कोरियांत गुंडाळण्याच्या चौकोनी वस्त्रास 'बोजागी' म्हणतात. चोसन राजवंशाच्या काळीं, म्हणजे १३९२ पासून पुढें पांचशें वर्षें, त्या देशांत बोजागीवांचून घराचें पान हलत नसे. अंथरूण गुंडाळण्याचें निराळें, कपडे ठेवण्याचें निराळें, जेवणाचें ताट झांकण्याचें निराळें, लग्नांतील देण्याघेण्याचें निराळें. आणि पुस्तकें बांधण्याचें, ज्यास 'छेक्‌बो' म्हणत, तेंही निराळें. हें छेक्‌बो कंबरेस किंवा पाठीस बांधून खेड्यांतलीं मुलें गेल्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत शाळेस जात. आमच्या शाळेच्या पायरीवर दप्तराची गांठ सोडणारीं मुलें आणि तीं मुलें ह्यांत अंतर हजारों मैलांचें, पण गांठ एकच.

राजवाड्यांतल्या बोजागीस 'गुंग्‌बो' आणि सामान्य लोकांच्या बोजागीस 'मिन्‌बो' असा भेद होता. भरतकामाच्या बोजागीस 'सूबो' म्हणत. ह्या सर्वांत आमच्या विषयास लागू असा प्रकार म्हणजे 'जोगाक्‌बो'. 'जोगाक्' म्हणजे तुकडा. कपडे बेततांना उरलेले रेशमाचे, तागासारख्या सुताचे आणि 'मोसी' नांवाच्या झाडाच्या सालीच्या तंतूचे तुकडे घरच्या बायका सांठवून ठेवीत आणि ते जोडून वस्त्र तयार करीत. तुकडे जोडणें म्हणजे आयुष्य आणि भाग्य जोडणें, अशी त्यांची भावना असे. बोजागीस जुना शब्द 'बोक्' आणि भाग्यासही शब्द 'बोक्'च, ह्या श्लेषानें त्या भावनेस बळ मिळालें. कोरियांतील हान्‌सान् येथील मोसीच्या विणकामास २०११ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें.

ह्या शिवणीची खुबी अशी, कीं वस्त्रास बहुधा अस्तर नसतें आणि तरीही त्यास उलटी बाजू नसते. तुकड्यांच्या कडा आंत मुडपून एकमेकींत अशा अडकवितात, कीं सुटा दोरा कोठेंच दिसत नाहीं. त्या शिवणीस 'स्साम्‌सोल्' म्हणतात; म्हणजे गुंडाळलेली शिवण. गुंडाळण्याच्या वस्त्राची शिवणही गुंडाळलेलीच! मोसीचें विरळ वस्त्र उजेडाकडे धरलें म्हणजे तुकडे फिके दिसतात आणि शिवणींच्या रेघा गडद दिसतात. जणूं शेतांचा नकाशाच.

जोगाक्‌बो शिवणाऱ्या बायकांचीं नांवें कोठें नोंदलेलीं नाहींत. त्यांच्या आयुष्याचें ओझरतें दर्शन होतें तें थोड्या लेखांतून. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत यू कुळांतील एका विधवेनें, २७ वर्षें वापरलेली सुई मोडली म्हणून तिच्यावर शोकलेख लिहिला आहे. तो कोरियाच्या गद्यवाङ्मयांत मान्यता पावला आहे. माणसांच्या मृत्यूवर लिहावयाची पद्धति तिनें सुईस लावली. ज्या बाईचें उभें आयुष्य सुईवर चाललें, तिच्या दृष्टीनें ही अतिशयोक्ति नव्हे.

हीं वस्त्रें आज पाहावयास मिळतात त्याचें बरेंचसें श्रेय हुह् दोंग्-ह्वा (१९२६–२०१८) ह्या संग्राहकास आहे. देशांत कारखान्याच्या मालाची आणि कागदी-प्लास्टिक पिशव्यांची चलती होऊन लोक जुनीं फडकीं टाकून देत होते, त्या काळांत त्यांनीं तीं गोळा केलीं आणि १९७६ सालीं सोलमध्यें भरतकामाचें संग्रहालय काढलें. त्यांचा संग्रह पुढें सोल शहराच्या हस्तकला संग्रहालयास मिळाला. तें २०२१ सालीं लोकांस खुलें झालें. ज्यास घरचीं माणसें चिंध्या म्हणत होतीं त्यास एका मनुष्यानें साधन मानलें, एवढाच काय तो फरक. हा मनुष्य आणि फळा पुसावयास फडकीं देणारे आम्ही, ह्यांच्यांतही फरक तेवढाच.

(५)

येथें एक मोह आवरला पाहिजे. दोन देशांत सारखी वस्तु दिसली कीं ती एकानें दुसऱ्याकडून घेतली असें म्हणण्याची आपल्याकडे घाई फार. कोरियाच्या 'सामगुक् युसा' ह्या तेराव्या शतकांतील ग्रंथांत 'अयुता' देशाहून समुद्रमार्गें आलेल्या एका राजकन्येची कथा आहे, आणि तिच्या आधारावर हल्लीं पुष्कळ इमले उभारले जातात. आम्ही त्या वाटेस जात नाहीं. सुई, दोरा, जुनें कापड आणि काटकसर करणारी बाई ज्या ज्या घरीं असेल त्या त्या घरीं ठिगळाचें वस्त्र आपोआप निर्माण होईल. त्यास शिकविणारा परदेशस्थ लागत नाहीं.

तथापि एका वस्त्राच्या बाबतींत संबंध निश्चित आहे, आणि तें वस्त्र म्हणजे भिक्षूचें चीवर. पाली विनयपिटकाच्या महावग्गांत अशी कथा आहे, कीं राजगृहाहून दक्षिणागिरीकडे जातांना बुद्धांनीं मगधांतील शेतें पाहिलीं. पट्ट्यापट्ट्यांनीं आंखलेलीं, बांधांनीं विभागलेलीं. भिक्षूंसाठीं असें चीवर करतां येईल काय, असें त्यांनीं आनंदास विचारलें, आणि आनंदानें तसें बेतून दाखविलें. कापून तुकडे केलेलें वस्त्र विकावयाच्या कामाचें नाहीं, म्हणून चोर त्याचा लोभ धरीत नाहींत, हें त्यांतील व्यावहारिक कारण. चौथ्या शतकांत बौद्ध धर्म कोरियांत पोंचला आणि त्याबरोबर हें वस्त्रही गेलें. तेथील भिक्षूच्या तुकडेजोड वस्त्रास आजही 'कासा' म्हणतात, आणि तो शब्द आपल्या 'काषाय' ह्याचेंच चिनी वाटेनें बदललेलें रूप आहे. म्हणजे मगधाच्या शेतांचा नकाशा कोरियाच्या मठांत आहे, असें म्हणण्यास प्रमाण आहे. पण त्यावरून घरोघरचें जोगाक्‌बो मठांतून आलें असें म्हणण्यास तेवढें प्रमाण पुरत नाहीं.

शब्दांच्या साम्यानें कसें फसावयास होतें ह्याचें उदाहरण आमच्या शास्त्रांतच आहे. ठिगळांच्या वस्त्रास संस्कृतांत 'कन्था' म्हणतात. पाणिनीच्या सूत्रांतही 'कन्था' शब्द येतो, आणि विद्यार्थिदशेंत आम्हीं तेथें गोधडीच वाचली होती! वस्तुतः तेथें तो गांवांच्या नांवांत येणारा शब्द असून त्याचा अर्थ वस्ती असा आहे. वायव्येकडील भाषांत त्याचे सोयरे सांपडतात. अमरकोशांत जीर्ण वस्त्रास 'पटच्चर' आणि फडक्यास 'कर्पट' असे शब्द आहेत. आपलें 'कापड' ह्या कर्पटाच्याच कुळांतलें. म्हणजे चिंधीचें नांव ताग्यास मिळालें. शब्द असे वर चढतात आणि खालीं उतरतात. म्हणून वस्तूचा इतिहास केवळ कोशावरून लिहूं नये, वस्तु हातीं घेऊन लिहावा.

(६)

हें म्हणणें आम्हीं स्वतःस लावून पाहिलें. वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं आम्हीं सुई हातीं घेतली. गुरु आमच्या थोरल्या वहिनी. सोलापूर हें विणकरांचें गांव. १८७७ सालीं येथें पहिली सूतगिरणी उभी राहिली, त्याच्या आधीपासून हातमाग होते, आणि पुढें येथील चादरीनें गांवाचें नांव देशभर नेलें. अशा गांवीं उरलेल्या कापडाची वाण कधींच नव्हती. वहिनींनीं आपल्या आयुष्यांत किती वाकळी आणि दुपटीं शिवलीं ह्याचा हिशेब त्यांनाही नाहीं.

वाकळेची रीति आम्हांस पाहून ठाऊक होती. जुनीं नऊवारी लुगडीं आणि धोतरें थरांवर थर अंथरावयाचीं, वर ठिगळें मांडावयाचीं, आणि कडेपासून आंत आंत धावदोरा घालीत मध्यापर्यंत यावयाचें. थर धरून ठेवणें हें त्या दोऱ्याचें काम. जोगाक्‌बोंत थर नाहींत; तेथें दोरा फक्त कडेस कड धरतो. चित्रांवरून आम्हीं दोन तुकडे कापले, कडा अंगठ्याच्या नखानें मुडपल्या, समोरासमोर धरून बारीक टांके घातले, आणि उलगडून पाहिलें तों कापडास चुण्या पडलेल्या आणि एक कड सुटलेली. दुसऱ्या खेपेस बोटांतून रक्त निघालें. मुलांस धातुरूपें चुकल्याबद्दल बांकावर उभे करणाऱ्या मास्तरास एक सरळ शिवण येईना, हें पाहून नातवंडें मनसोक्त हंसलीं.

वहिनींनीं तो तुकडा हातीं घेतला, उलट सुलट पाहिला आणि म्हणाल्या, "भावजी, हें तर बासनाचं शिवणं. एक कड मोठी ठेवायची, धाकटीवरून वळवायची, अन् मग दाबायची."

आम्ही चकित झालों. वाकळेस अशी शिवण आम्हीं कधीं पाहिली नव्हती, म्हणून आम्हीं खुलासा विचारला. त्या म्हणाल्या, "वाकळेच्या पोटात काय आहे, कोण बघतंय? बासनाची दोन्ही अंगं कागदाला लागतात. आंत एक दशी राहिली, तरी ती पोथीच्या पानाची कड धरते अन् पान फाटतं. माझी सासू हातावर मारायची दशी राहिली तर."

'दशी' हा शब्द ऐकून आम्हांस संस्कृतांतील 'दशा' आठवली. वस्त्राच्या टोंकाचे सुटे दोरे. चाळीस वर्षें आम्हीं तो शब्द पुस्तकांत वाचला. त्याचा पोथीच्या पानाशीं काय संबंध आहे हें सांगितलें अक्षरओळखीपुरतें शिकलेल्या बाईनें. कोरियांतील बायकांनीं स्साम्‌सोल् शिवण विरळ वस्त्राच्या शोभेसाठीं आणि टिकाऊपणासाठीं वापरली. आमच्या वहिनींच्या सासूनें तीच पोथीच्या पानासाठीं वापरली. कारणें निराळीं, कृति एक. उसनवारी न मानतां साम्याचा उलगडा होतो तो असा.

एका घरच्या रीतीवरून सबंध प्रांताचा नियम बांधणें चूक होईल, हें आम्हीं जाणतों. परंतु ही रीति इतर घरीं होती किंवा कसें, हें तपासण्याचा एकच मार्ग आहे: जुनीं बासनें पाहणें. आणि जुनीं बासनें तर आम्हीं फळ्यास लावलीं!

(७)

बासनावरून इतिहासास काय मिळेल? पहिली गोष्ट, वर सांगितलेली, कागदांची मूळ वांटणी. कोणता कागद कोणत्या बासनांत कोणत्या कागदाशेजारीं होता, हा स्वतंत्र पुरावा आहे. तिथिवार लावण्याच्या उत्साहांत तो नष्ट होतो.

दुसरी गोष्ट, काळ. यंत्राची टीप असलेलें बासन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वींचें असूं शकत नाहीं, कारण शिवणयंत्रांचा प्रसारच त्यानंतरचा. कृत्रिम रंगाचा आरंभ पर्किन ह्या इंग्रज रसायनज्ञाच्या १८५६ सालच्या शोधापासून होतो. कृत्रिम नीळ बाजारांत आली १८९७ सालीं. रंगाची परीक्षा करतां आली आणि रंग कृत्रिम निघाला तर तुकड्याची पलीकडची मर्यादा ठरते. गिरणीचा ठसा एखाद्या तुकड्यावर राहिला असेल तर फारच उत्तम. मात्र येथें सावधपणा हवा. बासनाचा काळ तो कागदाचा काळ नव्हे. जुने कागद नव्या बासनांत येतात, आणि जुन्या लुगड्याचें नवें बासन होतें. बासन सांगतें तें एवढेंच, कीं अमुक काळानंतर हे कागद कोणीतरी पुन्हां उघडले, पाहिले आणि जपून बांधले. पण हेंही थोडें नव्हे. कागद कोणी लिहिले हें कागद सांगतात; ते कोणी जपले हें बासनावांचून कोण सांगणार?

तिसरी गोष्ट ह्यांतूनच निघते. आमच्या दप्तरांतील लेखक बहुतेक पुरुष. हिशेब त्यांचे, तंटे त्यांचे, सह्या त्यांच्या. त्याच दप्तरांत घरच्या बाईच्या हातचें असें जें एकच साधन होतें तें आम्हीं साधन म्हणून ओळखलें नाहीं. ज्या आजेसासूनें वांटणीच्या दिवशीं धाकट्या पातीच्या बासनास इरकलीचे कोपरे लावले, तिचें नांव वंशावळींत नाहीं. वंशावळींत बायकांचीं नांवें क्वचितच असतात. तिचा दस्तऐवज आमच्या हातीं होता.

(८)

म्हणून मंडळाच्या सभासदांस आणि खेडोपाडीं कागद शोधणाऱ्या तरुणांस आमची विनंती आहे. गांठ सोडण्यापूर्वीं बासन जसें असेल तसें छायाचित्र घ्यावें. लांबीरुंदी मोजावी, तुकडे किती, कोणत्या कापडाचे, शिवण हाताची कीं यंत्राची, बंद कोणत्या कोपऱ्यास, हें लिहावें. कागद बाहेर काढतांना प्रत्येकावर बासनाचा आंकडा पेन्सिलीनें घालावा आणि मग खुशाल तिथिवार लावावे. बासन जीर्ण म्हणून कागद नव्या वस्त्रांत बांधावे लागले तर जुनें बासन धुऊं नये, टाकूं नये; निराळ्या कागदांत घडी करून त्याच आंकड्याखालीं ठेवावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, घरांतील वृद्ध स्त्रियांस विचारावें. कागदांविषयीं विचारलें तर त्या घरांतल्या पुरुषांकडे बोट दाखवितील; फडक्याविषयीं विचारलें तर त्या बोलूं लागतील. ह्या कामास द्रव्य लागत नाहीं. पण तें आज झालें पाहिजे, कारण ज्यांनीं बासनें शिवलीं, किंवा शिवतांना पाहिलीं, अशा बाया आतां सत्तरी-ऐंशीच्या घरांत आहेत.

आमच्या विद्येचीं नांवेंच पाहा. सूत्र म्हणजे दोरा. ग्रंथ म्हणजे गुंफलेलें, गांठ मारलेलें. तंत्र म्हणजे मागावरचा ताणा. निबंध म्हणजे बांधलेलें. जन्मभर हे शब्द फळ्यावर लिहिले, आणि ज्या फडक्यानें ते पुसले तें फडकें काय होतें हें पाहिलें नाहीं.

आतां शेवटचें. त्या भीमेकांठच्या घराण्याचे कागद आम्हीं गतवर्षीं परत केले. वहिनींच्या देखरेखीखालीं, आमच्या हातानें शिवलेलीं तीन बासनें त्यांबरोबर दिलीं. थोरल्या पातीचें काळ्यापांढऱ्या तुकड्यांचें. धाकट्या पातीच्या कोपऱ्यांस, वृद्ध आईंनीं सांगितलेलें स्मरून, इरकलीचे तांबडे तुकडे. शिवण वांकडी आहे, पण आंत दशी नाहीं. तिसऱ्या बासनांत ते तीसएक कागद आहेत. तें एकाच कोऱ्या कापडाचें केलें, कारण त्याचे तुकडे कोणत्या घरचे असावेत हें ठरविण्याचा अधिकार आम्हीं गमावला आहे. वरच्या बंदास एक चिठ्ठी शिवली असून तींत लिहिलें आहे, कीं हे कागद कोणत्या पातीचे हें पूर्वीं ठाऊक होतें, आणि तें कोणाच्या हातून नाहींसें झालें. खालीं आमची सही आहे.